पहिला घाणा

दिवाळीच्या आधी चार दिवस आमच्या घरात एक छोटासा प्रसंग दर वर्षी न चुकता घडतो. चकलीचा पहिला घाणा कढईतून उतरतो, झाऱ्यातून तेल निथळते, आणि त्यातली एक चकली बशीत घालून आमची ही माझ्यासमोर आणून ठेवते. मी तुकडा मोडतो, तोंडात टाकतो आणि म्हणतो, "छान झालीय." गेली एकोणीस वर्षे माझे हे उत्तर ठरलेले आहे. चकली कधी दगडासारखी कडक असते, कधी तेल पिऊन मऊ पडलेली असते, कधी मिठाला हात आखडलेला असतो. पण माझे 'छान' काही बदललेले नाही. ही क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहते, बशी उचलते आणि शेजारच्या काकूंना हाक मारते. काकूंच्या तोंडाचे बोळके झाले आहे, पण जीभ शाबूत आहे. तुकडा चघळत चघळत त्या म्हणतात, "मोहन कमी पडलंय गो. उरलेल्या पिठात चमचाभर कडकडीत तेल घाल." हिचा चेहरा उजळतो. जाता जाता ती मला म्हणते, "तुमच्या 'छान'चं मी काय करू?"

हा प्रश्न मी बरीच वर्षे हसण्यावारी नेला. त्याचे खरे उत्तर मला गेल्या वर्षी मिळाले; आणि तेही स्वयंपाकघरात नव्हे, तर एका लॅपटॉपचे झाकण मिटताना. ती हकीगत आज सांगतो. हकीगत संगणकाची असली तरी वाचकांनी बिचकू नये. मी स्वतः शाळेत चित्रकला शिकवतो, सवडीने कादंबऱ्या लिहितो, आणि शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. मी दहावी झालो तेव्हा तिला मॅट्रिक म्हणणारे कोणी उरले नव्हते. पण आमचे वडील शेवटपर्यंत "आमचा मुलगा मॅट्रिक आहे" असेच सांगत, आणि त्यांच्या तोंडी तो शब्द इतका भारदस्त वाटे की मीही तोच धरून ठेवला. तेव्हा मॅट्रिकच्या पुढचे मी इथे काही सांगणार नाही.

आमची शाळा तळकोकणात, समुद्रापासून दोन कोसांवर. एका मोठ्या संस्थेने आपल्या कचेरीतले नऊ जुने लॅपटॉप शाळेला दिले. मुलांना आनंद झाला, मुख्याध्यापकांनी नारळ फोडला. आणि मग कळले की त्यांवर चालणाऱ्या 'विंडोज १०'ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबणार आहे, आणि पुढची 'विंडोज ११' ही असली जुनी यंत्रे आपल्या पंगतीला घेत नाही. "आता या नऊ पाटांचं करायचं काय?" असे मुख्याध्यापक म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले. चित्रकलेच्या मास्तराला शाळेत फळ्यावरची सुविचारांची अक्षरे काढण्यापासून स्नेहसंमेलनाच्या पडद्यापर्यंत सारे येते असा समज असतो. त्यात हे एक.

मी बाजारात गेलो. तिथे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. दहावीला तो नापास झाला, मुंबईला गेला, परत आला, आणि आता त्याच्या हाताला असा गुण आहे की मालवणपासून लोक फोन घेऊन येतात. माझे ऐकून घेऊन त्याने खणातून एक पेनड्राइव्ह काढला. "सर, लिनक्स घाला. फुकट आहे, आणि म्हाताऱ्या यंत्राला झेपतं. पण आधी आतलं काही पुसू नका. नुसतं लावून बघा."

लिनक्सची जन्मकथा मला ठाऊक होती ती वर्तमानपत्रातून. हेलसिंकीच्या विद्यापीठातला लिनस टॉरवाल्ड्स नावाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी. त्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी जगाला कळवले की आपण हौसेखातर एक कार्यप्रणाली लिहीत आहोत, त्याबद्दल कोणाच्या काही सूचना असतील तर कळवा. मला त्या वेळी यात विशेष वाटले नव्हते. आज वाटते की सारी मेख त्या शेवटल्या वाक्यातच आहे. काम पुरे होण्याआधीच त्याने दार उघडे टाकले आणि लोकांना म्हटले, या, आणि काय बिघडले आहे ते सांगा.

पण 'नुसतं लावून बघा' हे मला उमगेना. विद्यार्थी हसून म्हणाला, "सर, आपल्या दशावतारासारखं." आणि खरोखरच त्याहून चांगली उपमा मला आजवर सुचलेली नाही. दशावताराची मंडळी जत्रेला येतात ती आपला पेटारा घेऊन. देवळापुढे एक बाकडे मांडतात. त्या एका बाकड्यावर इंद्राचे आसन होते, पर्वत होतो, रात्रभर राक्षस मरतात, आणि पहाटे दहीकाला झाला की पेटारा बांधून मंडळी पुढच्या गावाला. देऊळ होते तसेच असते. तसा हा पेनड्राइव्ह म्हणजे पेटारा. त्यात सारी कार्यप्रणाली दाबून, घडी घालून भरलेली असते. यंत्र सुरू करताना ती त्यातूनच चालू होते, तुम्ही जे काही कराल ते यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये राहते, आतल्या डिस्कला धक्का लागत नाही, आणि यंत्र बंद केले की सारे पुसले जाते. याला 'लाइव्ह प्रत' म्हणतात. क्लाउस क्नॉपर या जर्मन गृहस्थाने २००० साली 'नॉपिक्स' नावाने अशी प्रत सीडीवर आणली आणि ही कल्पना घरोघर गेली.

विद्यार्थ्याने दिलेली प्रत मात्र पक्की नव्हती. ती होती प्रकाशनपूर्व. अजून बाजारात न आलेली. "सर, यांना माणसं हवी असतात. जुन्या यंत्रांवर लावून काय चालतं, काय नाही, ते लिहून कळवायचं. तुम्ही लिहिणारे आहात." त्या शेवटच्या वाक्याने मी विरघळलो. ते लिनक्स कोणते, ते मात्र इथे सांगत नाही. ज्याने आपल्या चुका काढण्यासाठी मला विश्वासाने घरात घेतले, त्याचीच चूक नाव घेऊन दिवाळी अंकात छापणे बरे नव्हे.

मे महिन्याची सुट्टी होती. रात्रीची जेवणे आटोपल्यावर मी एक लॅपटॉप घेऊन ओटीवर बसलो. प्रत उतरवून घेतल्यावर ती शाबूत आली की नाही हे ताडून पाहण्यासाठी ६४ अक्षर-आकड्यांची एक माळ दिलेली असते. ती ताडण्याचे काम यंत्र करते; मी आपला पोथी वाचावी तसा बोट ठेवून ताडत बसलो, आणि ती तंतोतंत जुळल्यावर मला मुलीचे टिपण जुळल्याचा आनंद झाला. पेनड्राइव्ह लावला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावल्या, आणि निळ्याशार रंगात एक नवे घर उघडले. भाषांच्या यादीत मराठीही होती. आमची ही मागे उभी राहून पाहत होती. म्हणाली, "हे आपलंच ना लॅपटॉप? नटून आल्यासारखं दिसतंय."

तपासणीचा एक तक्ता होता. पडदा नीट दिसतो का? आवाज येतो का? बिनतारी जाळी दिसतात का? जोडणी होते का? आणि असेच वीस-बावीस प्रश्न. बिनतारी जाळे काही केल्या दिसेना. मी पाऊण तास झगडलो. शेवटी एक आज्ञा दिल्यावर यंत्राने सांगितले की बिनतारी रेडिओला 'कठीण अडसर' आहे. मी घाबरलो. मग कळले की या जुन्या लॅपटॉपच्या बाजूला नखाएवढी एक कळ असते आणि ती मीच पुसताना सरकवली होती. कळ सरकवली, शाळेच्या राऊटरचे नाव झळकले, परवलीचा शब्द दिला, जोडणी झाली. मी मनाशीच ओशाळलो.

हे बिनतारीचे प्रकरण लिनक्सच्या जगात पहिल्यापासून नाजूक. विद्यार्थ्याने मला ते समजावून दिले होते. वायफायचे कार्ड हा यंत्राच्या पोटातला एक स्वतंत्र चिमुकला संगणक असतो. पण पुष्कळ कार्डांना स्वतःचा पाठ लक्षात ठेवता येत नाही. दर वेळी जागे झाले की मोठ्या यंत्राने त्याच्या कानात तो पाठ सांगावा लागतो. या पाठाला म्हणतात फर्मवेअर, आणि तो बहुधा कार्ड बनवणाऱ्यांच्या मालकीचा, कुलपात ठेवलेला असतो. लिनक्सवाल्यांचा तर बाणा असा की जे उघडून पाहता येत नाही ते घरात नको. 'डेबियन' हे १९९३ साली सुरू झालेले जुने आणि मानी घराणे. तिथे कित्येक वर्षे हे बंद पाठ अधिकृत प्रतीत नसत. मग नवख्याची पंचाईत अशी व्हायची की वायफाय चालायला फर्मवेअर हवे, आणि ते उतरवून घ्यायला वायफाय हवे. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातला प्रकार. अखेर २०२२ मध्ये डेबियनच्या मंडळींनी मतदान घेतले आणि जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून हे पाठ अधिकृत प्रतीत आले. तत्त्वाला मुरड घातली. पण ती मतदान घेऊन, उघड उघड घातली. मला ते आवडले.

तर माझा तक्ता. रात्रीचा एक वाजला होता. शेवटून तिसरा प्रश्न होता, "झाकण मिटून यंत्र झोपवले आणि पुन्हा उघडले, तर बिनतारी जोडणी परत येते का?" मी जांभई दिली. इतके सारे चालते आहे, मग हेही चालतच असेल. एवढ्या लोकांनी फुकट राबून केलेले काम. त्यात खोट कशाला काढा? मी 'चालते' या रकान्यात खूण केली, शेवटचे दोन प्रश्नही तसेच भरले आणि तक्ता पाठवून दिला. खाली माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीत एक वाक्यही लिहिले, की सर्व काही छान आहे.

दोन दिवसांनी विद्यार्थी शाळेत आला. यंत्र पाहून खूश झाला. मग सहज म्हणाला, "सर, झाकण मिटून बघितलंत काय?"

"हो तर," मी म्हणालो.

त्याने झाकण मिटले. आम्ही पावसाच्या अंदाजाबद्दल बोललो. पाचेक मिनिटांनी त्याने झाकण उघडले. पडदा उजळला, पण कोपऱ्यातली बिनतारी खूण मालवलेली होती. तो थांबला, पुन्हा प्रयत्न केला. नाहीच. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. पडद्याकडेच पाहत तो हळू म्हणाला, "असू दे सर. होतं असं."

वाचकहो, शिक्षकाच्या आयुष्यात विद्यार्थ्याने नजर चुकवण्याचे प्रसंग पुष्कळ येतात. पण आपली लाज राखण्यासाठी विद्यार्थ्याने नजर चुकवावी, हा प्रसंग माझ्यावर पहिलाच. आणि त्याच क्षणी मला चौदा वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली.

२०११ चा पावसाळा. आठवीचा वर्ग. मी फळ्यावर यथादर्शन शिकवत होतो. रेल्वेचे दोन रूळ दूर जाता जाता एका बिंदूत मिळतात, ते चित्र. हाच मुलगा तिसऱ्या बाकावरून उठला. "सर, नाही कळलं." मी पुन्हा सांगितले. "सर, नाही कळलं." मी तिसऱ्यांदा सांगितले. तो म्हणाला, "पण सर, रूळ खरंच मिळाले तर गाडी पडेल ना? मग मिळतात असं का काढायचं?" वर्ग हसला. मला तो उद्धटपणा वाटला. "चाळीस जणांना कळलं, तुला एकट्यालाच कसं कळत नाही?" असे म्हणून मी त्याला वर्गाबाहेर पागोळ्यांखाली तास संपेपर्यंत उभे केले. दुसऱ्या दिवशी मी विचारले, "कळलं?" तो म्हणाला, "कळलं, सर." परीक्षेत कळले की त्या चाळीस जणांतल्या तिसाहून अधिकांनाही ते कळलेले नव्हते. त्यांनी फक्त मान हलवली होती.

एका मुलाने खरा तक्ता भरला होता. मी त्याला उभे करून 'चालते' या रकान्यात खूण करायला शिकवले. आणि आज तीच खूण मी माझ्या हाताने केली होती. मग मनात एकेक दार उघडत गेले. तपासणीला साहेब येणार म्हणून आदल्या रात्री भरलेली टाचणवही; माझ्या दुसऱ्या कादंबरीचे हस्तलिखित वाचून "छान" म्हणणारा मित्र, ज्याने पुस्तक छापून आल्यावर तिसऱ्याजवळ सांगितले की शेवटची पन्नास पाने उगाच आहेत; आणि बशीतली ती चकली.

त्या संध्याकाळी मी दुसरे पत्र लिहिले. इंग्रजीचे पेपर मी पस्तीस मार्कांवर काठाला लावलेले. पण त्या पत्राला फारशी भाषा लागली नाही. पहिला तक्ता चुकीचा आहे. मी झाकण मिटून पाहिले नव्हते. आता पाहिले. जोडणी परत येत नाही. एवढेच. पाठवताना हात थरथरला. वाटले, आता सात समुद्रांपलीकडून कोणी तरी कान उपटणार.

उत्तर दुसऱ्या दिवशी आले. ते लिहिणारा कोण, कुठला, त्याचे शिक्षण काय, मला ठाऊक नाही, आणि त्याने माझेही विचारले नाही. आधी आभार. मग तीन प्रश्न. कार्ड कोणते? झोपण्याआधीची आणि जागे झाल्यानंतरची यंत्राची नोंदवही पाठवाल का? आणि हे दर वेळी होते, की कधीकधी? खोट्या तक्त्याबद्दल एक अक्षर नव्हते.

तिसऱ्या प्रश्नासाठी मी विद्यार्थ्याला बोलावले. चित्रकलेच्या वर्गात आम्ही दोघे बसलो. मी झाकण मिटायचे, पाच मिनिटांनी उघडायचे, आणि त्याने फळ्यावर खडूने रेघ ओढायची. एरवी शिकवतो मी आणि मिटतात ती मुलांची झाकणे. त्या दिवशी सारे उलटे होते. दहा वेळा मिटल्यावर तो म्हणाला, "सर, थांबा. वायर लावलेली असते तेव्हा परत येतंय. काढली की नाही." मग आम्ही रीतसर मोजले. विजेवर दहा वेळा: दहाही वेळा जोडणी परत आली. बॅटरीवर दहा वेळा: सात वेळा आली नाही. म्हणजे बॅटरी वाचवण्यासाठी कार्डाची वीज तोडली जात होती, आणि जागे झाल्यावर त्याच्या कानात पाठ सांगायचे कुठे तरी राहून जात होते. हे निदान माझे नव्हे. ते तिसऱ्या बाकावरच्या मुलाचे.

पाचव्या-सहाव्या वेळी झाकण मिटलेले असताना मी म्हणालो, "आठवीत तुला एकदा पावसात उभं केलं होतं मी."

तो फळ्याकडे तोंड करून उभा होता. म्हणाला, "आठवतं सर. रुळांचं."

"तू खरं बोलला होतास."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग वळून हसला. "सर, खरं सांगू? ते मला अजूनही नाही कळलेलं."

मी उठलो, खडू घेतला. रेघांच्या शेजारीच क्षितिजाची रेषा काढली. रूळ मिळत नाहीत, हे तुझे बरोबर, असे आधी म्हणालो. हे चौदा वर्षांपूर्वी म्हणायला हवे होते. आपण रूळ काढत नाही, आपल्याला दिसतात कसे ते काढतो. दूरची वस्तू डोळ्यात लहान जागा घेते, म्हणून दोन रुळांमधले अंतरही लहान लहान होत जाते. "नाही कळलं," तो म्हणाला. मी खिडकीची काच घेतली, तिच्यावर खडूने समोरच्या व्हरांड्याच्या कडा गिरवायला त्यालाच लावल्या. दोन्ही कडा काचेवर एकमेकींकडे झुकत गेल्या. तो काचेकडे पाहत राहिला, मग मान बाजूला करून खऱ्या व्हरांड्याकडे पाहिले. "आता कळलं," असे तो म्हणाला तेव्हा मला ते विचारून पाहावेसे वाटले नाही. ते 'कळलं' खरे होते.

आमच्यासारखीच पत्रे आणखी काहींचीही गेली होती. तीन आठवड्यांनी आलेल्या नव्या प्रतीत आम्ही बॅटरीवर दहा वेळा झाकण मिटले आणि दहाही वेळा बिनतारी खूण परत उजळली. शाळा उघडली तेव्हा नऊही लॅपटॉप कामाला लागले.

त्याच पावसाळ्यात डेबियनची तेरावी आवृत्ती बाहेर पडली. मी तपासले ते हे नव्हे, पण तिची तारीख लक्षात राहिली. ९ ऑगस्ट २०२५. या घराण्यात आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' चित्रपटांतल्या पात्रांची नावे देतात, आणि जी प्रत कायम कच्चीच राहायची तिला नाव आहे 'सिड'. चित्रपटात खेळणी मोडणारा शेजारचा द्वाड पोरगा. मोडून पाहणाऱ्याला यांनी घरात कायमची जागा दिली आहे. त्या सकाळी मी बंदरावर गेलो होतो. होड्या पाण्यात लोटायच्या होत्या. एक म्हातारा तांडेल आपल्या होडीच्या फळ्यांवर बोटांची पेरे वाजवत, कान लावून ऐकत होता. मी म्हणालो, "होडी छान दिसतेय." त्याने मान वर केली नाही. म्हणाला, "छान काय मास्तर? पाणी खंय येता, तां सांगा."

गेल्या दिवाळीत चकलीचा पहिला घाणा उतरला आणि बशी माझ्यासमोर आली. मी तुकडा मोडला, सावकाश चावला. ही वळून जायच्या बेतातच होती. मी म्हणालो, "मीठ बरोबर आहे. पण आत थोडी कच्ची राहिलीय. आच मोठी होतेय बहुतेक."

ती थांबली. तिने स्वतः तुकडा तोंडात टाकला. काही बोलली नाही. आत जाऊन गॅस बारीक केल्याचा आवाज आला.

त्या दिवशी शेजारच्या काकूंना हाक गेली नाही. दुसऱ्या घाण्याची बशीही माझ्याकडेच आली.